निवडींवर चालणारं राज्य: कोणत्या खेळातला निर्णय तुमच्या मनाला लागला?

छत्रीबाग

आपण राजा किंवा राणी आणि सगळा कारभार निव्वळ निर्णयांवर, अशा खेळांबद्दल बोलायला हा धागा काढतोय. तलवारबाजी नाही, नेमबाजी नाही. सिंहासनावर बसायचं, समोर माणूस येतो, काहीतरी मागतो, आपण हो म्हणायचं किंवा नाही.

माझा सगळ्यांत आवडता रेन्स. २०१६ चा, नेरियल नावाच्या छोट्या स्टुडिओने केलेला. मोबाइलवर पत्ता डावीकडे सारला की एक उत्तर, उजवीकडे सारला की दुसरं. वर चार खुणा: धर्मपीठ, रयत, फौज, खजिना. त्यातलं काही तळाला गेलं की राजा गेला, हे कुणालाही सुचलं असतं. पण काही काठोकाठ भरलं तरी राजा जातो. फौज फार बळावली की तीच गादीवर हात टाकते. आणि एक बारकावा मला फार आवडतो. पत्ता किंचित सरकवून तसाच धरला की ज्या खुणा हलणार त्यांच्यावर ठिपका येतो. मोठा परिणाम, मोठा ठिपका. पण वर जाणार की खाली, हे मात्र कळत नाही. ह्या उत्तराने फौजेत मोठी उलथापालथ होणार एवढं माहीत, कुठल्या बाजूला ते नाही, आणि बोट तर उचलायचंय. मला वाटतं खऱ्या राज्यकर्त्याला साधारण एवढंच माहीत असतं.

दुसरा, येस युअर ग्रेस, २०२० चा. डॅव्हर्नचा राजा एरिक, त्याची राणी, तीन मुली, दरबारात फिर्यादींची रांग आणि दर आठवड्याच्या शेवटी हिशेब. खजिना एवढा तुटपुंजा की सगळ्यांना हो म्हणताच येत नाही.

ह्या दुसऱ्या खेळाबद्दल बऱ्याच जणांची तक्रार असते की कथेचे मोठे टप्पे ठरलेलेच आहेत, आपण काहीही निवडा. म्हणून दोन प्रश्न. शेवट बराचसा ठरलेला असेल तर मधल्या निवडींना अर्थ उरतो का? आणि कोणत्या खेळातला निर्णय तुम्हाला खेळ बंद केल्यावरही लागून राहिला?

गराडू

पहिला नंबर माझा. भिया, विषय एकदम मस्त काढला.

रात्रपाळी

लाँग लिव्ह द क्वीन. हनाको गेम्स, २०१२. चित्रं गोड, गुलाबी, आणि आत शुद्ध जीवघेणा कारभार. एलोडी १४ वर्षांची, आई वारलेली, राज्याभिषेकाला ४० आठवडे. दर आठवड्याला दोन विषय शिकायचे, बस. वक्तृत्व शिकशील की विषांची ओळख? घोडेस्वारी की हिशेब? ज्याकडे दुर्लक्ष केलं तेच नेमकं पुढे आडवं येतं. विष घातलेली चॉकलेटं तर ह्या खेळात प्रसिद्धच आहेत.

मला जे लागलं ते असं, की प्रसंग समोर येतो तेव्हा निवड होऊन गेलेली असते. ती महिनाभर आधी, वेळापत्रक भरताना झालेली असते.

तिसरा_पर्याय

मी ह्या प्रकाराच्या विरोधात लिहिणार आहे, कारण मला तो मनापासून आवडायचा.

येस युअर ग्रेस मी पुन्हा खेळलो ते मुद्दाम उलटी उत्तरं देऊन. ज्यांना पहिल्यांदा पैसे दिले होते त्यांना हाकललं, ज्यांना हाकललं होतं त्यांना दिले. समाधानाचा आकडा हलला, धान्य हललं, पण मोठी वळणं तीच, त्याच आठवड्यांत. खेळाच्या पानावर लिहितात ‘तुमचे निर्णय राज्याचं भवितव्य ठरवतील’. मग ठरवू द्या की. दोन दारं दाखवायची आणि दोन्ही एकाच खोलीत उघडायची, ही खेळणाऱ्याची फसवणूक आहे. गोष्टच सांगायची आहे तर सरळ गोष्ट सांगा, मी आनंदाने वाचीन.

नातवाची_आजी

मी आणि नातू सॉर्ट द कोर्ट खेळतो. ब्राउझरवर फुकट आहे, २०१५ चा. फक्त हो किंवा नाही, दोन बटणं. तो हो म्हणतो, मी नाही म्हणते, त्यावरून आमचं रोज भांडण होतं. समोर आलेला माणूस खोटारडा आहे हे त्याला चेहऱ्यावरून ओळखता येतं म्हणे. मला नाही येत. धागा वाचतेय, लिहीत राहा.

जीरावण

@तिसरा_पर्याय, तुमची तक्रार कळते, पण ह्या खेळांची आई कोण ते बघा. १९६४ साली अमेरिकेत मेबल ॲडिस नावाच्या शाळेच्या बाईंनी आयबीएमच्या मदतीने द सुमेरियन गेम लिहिला. सहावीतली मुलं टेलिप्रिंटरपुढे बसून लगाश नगराची राजा व्हायची. धान्य किती आलं ते यंत्र कागदावर छापून सांगायचं, मुलाने ठरवायचं: लोकांना खायला किती, पेरायला किती, कोठारात किती. पुढे हॅमुराबी नावाने ह्याचंच छोटं रूप घरोघरच्या संगणकांवर पोचलं. गोष्ट सांगत सांगत राज्य करायला लावणारा हा बहुधा पहिलाच संगणक-खेळ.

त्यात पूर यायचा, आग लागायची, आणि ते मुलाच्या हातात नसायचं. त्याच्या हातात एवढंच की पूर येईल तेव्हा कोठारात किती पोती आहेत. मला तरी हे पुरेसं आहे.

तिसरा_पर्याय

@जीरावण, पण तिथे पोत्यांनी फरक पडायचा. कमी ठेवली तर माणसं मरायची. माझं म्हणणं तेवढंच आहे. पूर खुशाल ठरलेला असू दे, पुरानंतर काय उरलं हे माझ्यामुळे ठरायला हवं.

गराडू

फेबल ३ कुणी खेळलंय का? २०१० चा. अर्ध्या खेळानंतर आपण राजा होतो, आणि तेव्हा कळतं की वर्षभरात एक महासंकट येणार आहे आणि त्यासाठी खजिन्यात ६५ लाख मोहरा लागतील. जेवढ्या मोहरा कमी तेवढी माणसं जाणार. गादीसाठी ज्यांना वचनं दिली ते एकेक करून समोर येतात. वचन पाळा तर पैसा जातो, मोडा तर पैसा येतो. अनाथाश्रम ठेवायचा की तिथे कुंटणखाना काढून कमाई करायची, इथपर्यंत.

मी काय केलं, गावोगावची घरं-दुकानं विकत घेतली, भाडं जमवत बसलो, ते सगळं स्वतःच्या खिशातून खजिन्यात ओतलं. अनाथाश्रम राहिला, वचनं राहिली, माणसंही वाचली. मला तर फार आनंद झाला होता राव.

तिसरा_पर्याय

@गराडू, आणि तिथेच त्या खेळाचा पेच सुटून गेला. वचन की प्राण, हा प्रश्न भाड्याच्या पावत्यांनी मिटला.

रामबागकर

मी खेळ फारसे खेळत नाही. मुलाने रेन्स फोनवर टाकून दिला तेवढाच. पण गराडूने लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

खिशातल्या पैशाने खजिन्याचा भार हलका करणं ही आपल्याकडे पळवाट नव्हती, व्यवस्था होती. होळकरांकडे दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब. दौलत म्हणजे राज्य, फौज, सरंजाम. खासगीचं उत्पन्न राणीच्या हाती, मल्हारराव सुभेदारांच्या गौतमाबाईंपासून चालत आलेलं. अहिल्याबाईंनी देशभर जे घाट, धर्मशाळा, देवळं बांधली, १७८० चं काशीचं विश्वेश्वराचं देऊळ धरून, तो खर्च खासगीकडचा. राज्याच्या पैशाला हात न लावता दानधर्म. म्हणजे फेबलमधल्या ह्या राजाने आपल्याच इंदूरची रीत पाळली की! माझा प्रश्न असा: खेळात खासगी आणि दौलत वेगळी ठेवली, आणि खासगीतून किती, कशावर, ह्याचाही जाब द्यावा लागला, तर पेच परत येईल का?

जीरावण

काका, हे भारी आहे. येईल. कारण मग भाडं कुठल्या गावातून किती घ्यायचं हाही निर्णय होतो, आणि ती माणसंही दरबारात येऊ शकतात.

लष्करकर

ग्वाल्हेरहून राम राम. मी क्रूसेडर किंग्ज ३ वाला. २०२० चा, मध्ययुगाचा नकाशा, हिंदुस्थानही आहे त्यात. राज्य खरं असलं तरी गोष्ट आपल्या निवडींनी घडते म्हणून इथे लिहितोय.

त्यातली ताणाची कल्पना मला सगळ्यांत पटते. आपल्या राजाला स्वभाव असतो. कनवाळू राजाने कैद्याचा शिरच्छेद केला की त्याचा ताण वाढतो. वाढत वाढत तो दारूला लागतो, खंगतो, मरतोसुद्धा. ‘काहीही निवडा’ असं खेळ म्हणतो, पण निवडणाऱ्याला त्याची किंमत मोजायला लावतो.

आणि वारसाहक्क. बापाने तीस वर्षं जमवलेलं बाप गेला की एका क्षणात फुटतं. आमच्याकडचंच बघा. महादजी १७९४ साली गेले, पोटचा मुलगा नाही, गादी दत्तक दौलतरावांना. त्यानंतर महादजींच्या विधवा आणि दौलतराव ह्यांच्यात उघड लढाई पेटली, शिंद्यांचेच सरदार दोन बाजूंना. खेळात असं झालं की आम्ही चिडून जुना सेव्ह लोड करतो. मला वाटतं लोड न करता पुढे खेळावं, खरा खेळ तिथून सुरू होतो.

रात्रपाळी

@लष्करकर, लोड न करण्याबद्दल पूर्ण अनुमोदन. रेन्समध्ये तर सोयच नाही. राजा मेला, पुढचा राजा बसला, चला.

दांडियाबाजार

बडोद्याहून. रात्रपाळीने लिहिलेली एलोडी वाचून मला आमचे सयाजीराव महाराज दिसले.

१८७५. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केलेलं, गादी रिकामी, आणि नाशिकजवळच्या कवळाण्याहून भाऊबंदांतली मुलं निवडीसाठी आणलेली. कशाला आलात विचारल्यावर गोपाळ म्हणाला की राज्य करायला आलो, अशी गोष्ट सांगतात. वय १२, लिहिता-वाचता येत नाही. मग धडे. इलियट साहेब शिकवायला, दरम्यान कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे, आणि १८८१ च्या अखेरीस पूर्ण अधिकार. पुढे १९०६ मध्ये ह्याच माणसाने सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

सांगा, आठवड्याला दोन विषय निवडायच्या खेळाला ह्याहून चांगलं कथानक कुठे मिळेल? एकीकडे दिवाण, एकीकडे इंग्रजांचा रेसिडेंट, एकीकडे राजमाता जमनाबाई, आणि मधे अक्षरं गिरवणारा मुलगा.

निमाडी_मिरची

दांडियाबाजारचं खरंय. आणि मग आपल्या माळव्यावर असा खेळ का नाही? मला तरी सापडला नाही. सगळे राजे एरिक नाहीतर सुझरेन खेळातला रोमस. महेश्वरच्या घाटावर लहानपण गेलेल्या माणसाला हे जाणवतंच.

पण एक आधीच सांगते. अहिल्याबाईंना कुणी खेळणाऱ्याच्या हातात देऊ नये. मी त्यांना देवी म्हणत मोठी झाले. त्या जागी बसून कुणी गंमत म्हणून रयतेवर दुप्पट कर लादावा, हे मला बघवणार नाही.

गराडू

मिरचीताई, हे मात्र पटलं. आमच्या घरी तर त्यांच्या फोटोला रोज हार असतो.

तिसरा_पर्याय

मला नाही पटलं, आदर ठेवून सांगतो. चुकीचं करता येणारच नसेल तर बरोबर केल्याला काय किंमत? अहिल्याबाई मोठ्या, कारण त्यांना दुसरा रस्ता मोकळा होता आणि त्यांनी तो घेतला नाही.

मालेराव १७६७ मध्ये गेले तेव्हाचं बघा. नवरा १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात गेलेला, सासरे वर्षभरापूर्वी, आता मुलगाही. होळकरांचा कारभारी गंगाधर यशवंत सांगतोय की एखादं मूल दत्तक घ्या, राघोबादादांचं ऐका, कारभार आम्ही बघतो. राघोबादादा फौज घेऊन निघालेले. मान तुकवा, सुखाने राहा, हा पर्याय पत्त्यावर छापलेला हवा. आणि तो खरोखर मोहात पाडणारा हवा. तरच शिंदे, गायकवाड, भोसल्यांना पत्रं लिहून, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागून, स्वतः लढायला उभं राहणं म्हणजे काय ते खेळणाऱ्याला कळेल.

निमाडी_मिरची

@तिसरा_पर्याय, तुम्ही मान तुकवण्याचा पर्याय द्याल आणि लोक तो घेऊन त्याचे व्हिडिओ टाकतील. तुमचा हेतू चांगला आहे, पण खेळ एकदा बाहेर पडला की हेतू बरोबर जात नाही.

जीरावण

मधला रस्ता आहे. माणसं नाही घ्यायची, प्रदेश घ्यायचा. काल्पनिक राज्य, पण माळव्याच्या मातीचं. मोठी नदी, नदीवर राजधानी, विणकर, घाटातल्या टोळ्या, दूर एक वडीलधारी सत्ता जिची मर्जी सांभाळायची. गादीवर एक स्त्री. नाव दुसरं. मग खेळणारा चुकला तरी ती आपली देवी नाही.

किंग ऑफ ड्रॅगन पासने हेच केलं. १९९९ चा खेळ, ए शार्प कंपनीचा, २०११ मध्ये मोबाइलवर आला. ग्लोरांथा नावाच्या पूर्ण कल्पित जगातलं एक कूळ आपण चालवायचं. पण ते जग इतकं नांदतं आहे की खरंच वाटतं. संपत्ती गुरांत मोजायची, शेजाऱ्यांची गुरं पळवायची, वर्षातून एकदा पवित्र काळात पुढच्या वर्षाची बेगमी करायची. सात जणांचं मंडळ सल्ला देतं आणि प्रत्येक जण आपापल्या देवाच्या आणि स्वभावाच्या वळणाने बोलतो. लढवय्याला सगळीकडे लढाई दिसते. विदूषक देवाचा भक्त मंडळात घेतला तर तो काहीही सुचवतो, आणि कधीकधी तेच बरोबर निघतं! आज निर्वासितांना आसरा दिला त्याचं फळ कितीतरी वर्षांनी समोर येतं, तेव्हा आपण ते विसरलेलो असतो.

रामबागकर

कल्पित राज्याला माझा होकार. आणि दंतकथांची चिंताही मिटेल. इंदूरच्या आडा बाजारात उभं राहून मालेरावांच्या रथाखाली आलेल्या वासराची आणि त्यांना शिक्षा होताना आडव्या आलेल्या गाईची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. इतिहास म्हणून ती मांडता येणार नाही, कल्पित राज्यात मात्र ती सुखाने बसेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला त्यावर काही म्हणायचं आहे. छत्रीबाग, तुम्ही विचारलंत की शेवट ठरलेला असेल तर निवडीला अर्थ काय. येस युअर ग्रेसची कथा मी मुलाकडून ऐकली. (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

त्या राजाने तरुणपणी, जीव वाचवण्यासाठी फौज मिळावी म्हणून, थोरल्या मुलीचा हात देऊन टाकलेला असतो. मुलगी तेरा वर्षांची होते तेव्हा ती माणसं दारात येतात. मला ऐकतानाच मुक्ताबाई आठवल्या. दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं अहिल्याबाईंनी जाहीर केलं आणि यशवंतराव फणशांनी तो पण जिंकला, असं आपल्याकडे सांगतात. तो संसार पुढे सुखाचा झाला. पण नातू नत्थोबा तरुणपणी गेला आणि मग १७९१ मध्ये यशवंतराव. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आईने किती विनवलं हे इंग्रज अधिकारी माल्कमने लिहून ठेवलं आहे, आणि त्याने ते त्या काळातल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं. पंचवीस वर्षं जिचा शब्द माळव्यात मोडला नाही तिचा शब्द मुलीपुढे चालला नाही.

हा प्रसंग खेळात लिहायचा तर मी तिथे पर्याय देईन. समजूत घाला, हुकूम करा, पाया पडा. आणि तिन्हींचा शेवट एकच ठेवीन. त्याला कुणी फसवणूक म्हणू नये.

नातवाची_आजी

काका, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

तिसरा_पर्याय

रामबागकर काका, ह्या प्रसंगापुरतं मान्य. तिथे पर्याय नसणं हीच गोष्ट आहे आणि लेखकाला ती माहीत आहे. माझी तक्रार दुसऱ्या जागेबद्दल आहे. लिहिणाऱ्याला वेळ नाही, पैसे नाहीत, म्हणून दोन्ही दारं एकाच खोलीत उघडतात, आणि मग त्यालाच ‘राजाची हतबलता’ असं नाव देतात. पहिल्या प्रकारात खेळणाऱ्याला नंतर काहीतरी वेगळं भोगायला मिळतं. हुकूम केला असेल तर पुढे दरबारात कुणीतरी ते बोलून दाखवतं, पाया पडली असेल तर कुणी दुसरं आठवण काढतं. दुसऱ्या प्रकारात कुणाला काही आठवतच नाही. माझ्यापुरती कसोटी तेवढीच: राज्यातल्या माणसांना माझा निर्णय लक्षात राहतो का?

रात्रपाळी

ह्या कसोटीवर सुझरेन बसतो. २०२०, टॉर्पर गेम्स. मुख्य खेळात राष्ट्राध्यक्ष आहे, पण २०२४ मध्ये रिझिया राज्याचा डीएलसी, म्हणजे खेळाला जोडायचा वेगळा भाग, आला, त्यात राजा रोमस तोरास. वाचायचं प्रचंड आहे, पुस्तकासारखं. मंत्रिमंडळातला माणूस कित्येक बैठकांपूर्वीचं आपलं वाक्य आपल्याच तोंडावर फेकतो. तिसरा_पर्याय, तुम्ही हा खेळाच. सेलची वाट बघा, तिथे बराच स्वस्त मिळतो.

गराडू

इंग्रजी वाचत बसायचं हाच वांधा आहे. माझ्या बहिणीला रेन्स आवडेल, पण प्रत्येक पत्ता मी मराठीत सांगत बसू का? मराठीत एक तरी करा कुणी. जीरावण, तू कोडिंगवाली ना?

जीरावण

हो, आणि अशा खेळाला कोड फार लागत नाही. पत्ते, चार-पाच आकडे, आणि कुठल्या पत्त्यानंतर कुठला येऊ शकतो ह्याच्या अटी. ट्वाइन किंवा इंक ही गोष्टीचे खेळ बनवायची साधनं घेऊन एकटा माणूस करू शकतो, दोन्ही फुकट आहेत. खरी मेहनत लिहिण्याची आहे. तिसरा_पर्याय म्हणतात तसं लोकांना लक्षात राहायचं तर प्रत्येक निर्णयामागे दोन-तीन नवे पत्ते लिहावे लागतात.

एक पत्ता लिहून बघितला. काकांनी तपासावा.

*घाटाची वाट.* गाडीवानांचा मुकादम आला आहे. घाटात डोंगरातल्या लोकांनी प्रत्येक बैलामागे कवडी मागितली. दिली नाही म्हणून दोन गाड्या लुटल्या, एक गाडीवान लंगडत आला आहे. डोंगरातला नाईकही देवडीशी उभा आहे, हत्यार बाहेर ठेवून. तो म्हणतो, ही वाट आमची, आजोबाच्या आधीपासून घेतो.
एक: नाईकाला इथेच धरा.
दोन: कवडी घ्यायचा हक्क सनदेने द्या, पण त्याच्या हद्दीत लूट झाली तर भरून त्याने द्यायची.
तीन: घाटात चौकी बसवा, शिपायांचा पगार दौलतीतून.

रामबागकर

उत्तम. हे भिलकवडीचं, म्हणजे भिल्ल वाटेवर घ्यायचे त्या कराचं, प्रकरण आहे हे ओळखलं. अहिल्याबाईंनी तुझ्या दुसऱ्या पर्यायाचाच मार्ग घेतला होता: हक्क मान्य केला आणि हद्दीतल्या चोरीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. पडीक जमीन कसायचं कबूल करून घेतलं तेही घाल. ‘देवडीशी, हत्यार बाहेर ठेवून’ हे फार आवडलं.

निमाडी_मिरची

जीरावण, छान लिहिलंयस. नाव दुसरं असल्यामुळे मला वाचताना काही खुपलं नाही. मुकादमाबरोबर त्या लंगडणाऱ्या गाडीवानालाही बोलू दे.

दांडियाबाजार

मस्त. पण दुसरा पर्याय उघड बरोबर दिसतोय. सगळे तोच घेतील.

छत्रीबाग

धागा कुठून कुठे आला! सगळे उत्तरं देतायत तर माझंही देतो. मला लागलेला निर्णय येस युअर ग्रेसमधलाच आहे, आणि कथेच्या मोठ्या वळणाशी त्याचा संबंध नाही. एक शेतकरी मदत मागायला आला होता. त्याच्या आधी एका लबाडाला पैसे देऊन बसल्यामुळे खजिन्यात काही उरलं नव्हतं. त्याने रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तो वाकून नमस्कार करून गेला. राज्याचं काही बिघडलं नाही, शेवटही बदलला नाही. पण त्यानंतर दरबारात येणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं मी पूर्ण वाचायला लागलो. त्या निवडीने राज्य नाही बदललं, माझं खेळणं बदललं. तिसरा_पर्याय, तुमच्या कसोटीत एवढी भर घालाल का?

तिसरा_पर्याय

@छत्रीबाग, घालतो. पण त्या शेतकऱ्याला परत आणणारा खेळ मला जास्त आवडेल.

@दांडियाबाजार, दुसरा पर्याय कठीण करता येतो. सनद दिली की पहिल्याच पावसाळ्यात मोठी लूट होते आणि नाईकाकडे भरून द्यायला काही नसतं. वाटेतले वाणी दुसऱ्या रस्त्याने जायला लागतात, जकात घटते. फौजेचा सरदार म्हणतो, बघा, सांगितलं होतं. आता सनद मोडायची, की खासगीतून वाण्यांचं नुकसान भरून नाईकाला सवड द्यायची? आणि पुढे कधीतरी नाईक मरतो. त्याचा मुलगा येऊन म्हणतो, करार बापाशी होता, माझ्याशी नाही.

जीरावण

घेतलं, सगळं घेतलं. म्हणजे सनद हयातीपुरती द्यायची की वंशपरंपरेची, हा वेगळा पत्ता होतो आणि तो आधी यायला हवा.

लष्करकर

आणि ते बोलताना सरदाराचा सूर कसा असतो, ते मी लिहून देतो. आमच्याकडे तसे सरदार पुष्कळ होऊन गेले.

रामबागकर

हयातीची आणि वंशपरंपरेची, दोन्ही सनदांचा मजकूर कसा असायचा त्याचे छापील नमुने माझ्याकडे आहेत. शनिवारी फोटो काढून इथे टाकतो. मोडी नाही, बाळबोधच आहेत, वाचता येतील.

गराडू

पहिले दहा पत्ते झाले की मला द्या. बहिणीच्या हातात फोन देतो आणि तिने काय निवडलं ते इथे लिहितो.